लेकरांच्या पेटीतला दोरा

मागच्या वर्षी श्रावणात आमच्याकडे चार दिवस झड लागली होती. ऊन नाही, वारा नाही, नुसती भुरभुर. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या धाकट्यानं चौथ्यांदा चड्डी ओली केली. तो तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याला दारात उभं करून मी पेटी उघडली. आमच्या घरात लेकरांच्या कपड्यांची एक मोठी लोखंडी पेटी आहे, माझ्या लग्नात आलेली, आणि ती इतकी भरलेली असायची की गुडघा टेकवल्याशिवाय कडी लागत नसे. वरच जरीचा कुर्ता हाती आला, त्याखाली जीनची पँट, मग एक काळा कोट आणि त्याच्यासोबतचा टाय. मी हात घालत गेले, ढीग खाटेवर काढत गेले, आणि त्या अख्ख्या पेटीत सुकी, मऊ, सुती चड्डी एकसुद्धा निघाली नाही. होत्या त्या नऊच्या नऊ चड्ड्या वलणीवर आणि चुलीच्या कडेला लटकत होत्या. हात लावून पाहिलं, सगळ्या गार.

शेवटी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला आणि त्याच्या कमरेला गुंडाळला. सासूबाई खाटेवरच्या ढिगाकडे पाहून म्हणाल्या, "एवढे कपडे कायले घेता व बाई? लेकराच्या आंगाले सुकं पायजे, मंग ते जुनं काहून नसे ना."

त्यांचं बोलणं मला लागलं, कारण ते खरं होतं. पेटी भरलेली आणि पोरगं उघडं, हे कसं झालं त्याचा हिशेब लावायचाच असं मी ठरवलं.

झड उघडल्यावर सगळे कपडे अंगणात काढून मोजले. स्वेटर, कानटोप्या आणि मोजे वेगळ्या गाठोड्यात होते, ते धरले नाहीत. मोठी तेव्हा सहा वर्षांची, नुकतीच पहिलीत गेलेली. तिचे ७१ निघाले. धाकट्याचे ५४. आमची पाच एकर कोरडवाहू शेती आहे, कपाशी आणि तूर. आमच्यासारख्या घरात दोन लेकरांचे १२५ कपडे असतील असं मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. फार खर्च केला असंही नाही, बाजारातून एखादा एखादा आणत गेलो आणि आहेरात येत गेले.

यातले लागतात कोणते, हे नुसतं बघून मला ठरवता येईना. प्रत्येक कपडा हातात घेतला की तो लागेलसा वाटायचा. म्हणून एक उपाय केला. मशीनच्या रिळातला पांढरा दोरा घेतला आणि ठरवलं की आजपासून महिनाभर जो कपडा लेकराच्या अंगावर चढेल, त्याच्या काजाला किंवा आतल्या शिवणीला दोऱ्याची एक गाठ मारायची. मुद्दाम काही घालायचं नाही, मुद्दाम टाळायचं नाही. महिना निवडला तोही बरा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे विदर्भात तान्हा पोळा, लेकरं लाकडी बैल घेऊन नटूनथटून निघतात. मग गणपती, मग महालक्ष्म्या. म्हणजे चांगल्या कपड्यांनाही बाहेर पडायची पूर्ण संधी होती.

महिन्यानंतर पुन्हा अंगणात ढीग केला आणि गाठी शोधल्या. मोठीच्या ७१ पैकी २३ कपड्यांना दोरा होता, त्यात शाळेचे गणवेश आले. धाकट्याच्या ५४ पैकी २१ कपड्यांना, आणि त्यातल्या नऊ तर त्याच चड्ड्या. बाकी ८१ कपडे महिनाभर कोणी हलवलेसुद्धा नव्हते.

त्या ८१ कपड्यांत मी अख्खी दुपार घालवली. आपण कुठे चुकतो ते मला त्यातच दिसलं. २९ तर लहान झालेले होते. आपण ते ठेवतो का, तर जीव गुंतलेला असतो म्हणून. मोठीच्या बारशाचं गुलाबी अंगडं-टोपडं हातात आलं आणि मी पाच मिनिटं तशीच बसून राहिले. पहिल्या वर्षात मूल साधारण २५ सेंटिमीटर उंच होतं, वजन जन्माच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षी साधारण १२ सेंटिमीटर, आणि नंतर वर्षाला सहा-सात. म्हणजे पहिल्या वर्षाचा कपडा दोन-तीन महिन्यांचा सोबती, आणि आपण आहेरात घेतो नेमके तेच, कारण ते इवले इवले कपडे दुकानात बघूनच मन भरून येतं. मोठीची दहा झबली तर एकेकदाच घातली गेली होती.

१२ कपडे पुढे होतील म्हणून घेतलेले. वाढत्या अंगाचे कपडे घ्यायची आपली जुनी रीत चांगलीच आहे, पण एक नंबर मोठा वेगळा आणि तीन नंबर मोठा वेगळा. तीन नंबर मोठा घेतलेला फ्रॉक अंगाला येईपर्यंत त्याचं इलॅस्टिक पेटीतच वाळून गेलं होतं.

१६ कपडे लेकरांनी नाकारलेले. मोठी तोंडानं सांगायची, "टोचते." धाकटा नुसता अंग आखडायचा, बाही घालूच द्यायचा नाही. मी ते हट्ट समजत होते. आता त्यातल्या प्रत्येकाचा आतून एकेक धागा ओढला आणि चुलीच्या निखाऱ्यावर धरला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची हलकी राख होते. पॉलिएस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा कडक मणी धरतो. सोळापैकी तेरांचा मणी झाला. आम्ही कापूस पिकवणारी माणसं. एक क्विंटल कापसातून तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकीची सरकी. लहान लेकराचा एक सुती जोड फार तर पाव किलोचा. म्हणजे आमच्या अंगणातून गाडीत चढणाऱ्या एका क्विंटलात शंभराच्या वर लेकरांच्या अंगाचं कापड असतं, आणि माझ्या पेटीतल्या या तेरांत त्याचा मागमूस नव्हता. तो काळा मणी बोटात धरून मला फार वाईट वाटलं.

उरलेले २४ 'चांगले' कपडे. त्यांच्याबद्दल लिहिताना मला दोन वर्षांपूर्वीचा मे महिना आठवतो. माझ्या चुलत नणंदेचं लग्न होतं, मांडव दुपारचा. आमच्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. मी मोठीला जाळीचा फ्रॉक घातला होता, आत सॅटिनचं अस्तर, कमरेला घट्ट पट्टा, मागे चेन. चार वर्षांची पोर. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं आणि मी सुखावले. दोनच्या सुमारास ती माझ्या मांडीवर येऊन निजली. झोप आली असेल म्हणून मी थोपटत बसले. मग तिला उलटी झाली, आणि हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धवट उघडे. मोटारसायकलवर सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी फ्रॉक काढला. चेन अडकली होती, तर सरळ कात्री लावली. ओल्या फडक्यानं सगळं अंग पुसायला लावलं, पंखा लावला, आणि ती हाक मारल्यावर ओ देऊ लागली तेव्हा मिठा-साखरेचं पाणी चमचा चमचा दिलं. मांड्यांवर आणि कमरेला पट्ट्याखाली घामोळ्यांची लाल माळ उठली होती. त्या म्हणाल्या, "सैल घाला, सुती घाला, फिक्या रंगाचं घाला, आणि उन्हात नेताना डोकं झाका." ओरडल्या नाहीत. तो कापलेला फ्रॉक मी तसाच घरी घेऊन आले आणि तोही याच पेटीत ठेवला होता.

त्याच बाजूला मला दुसरी गोष्ट आठवते. धाकटा झाला तेव्हा पौष होता. रात्री थंडी आठ-नऊ अंशावर यायची. दवाखान्यातून घरी आल्यावर आशाताई ठरल्या दिवसांनी यायच्या, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. प्रत्येक वेळी त्या बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला हात लावून बघत. पोट गरम आणि पाय गार, तर एक थर वाढवा, टोपी घाला, छातीशी धरा. दुपटं ओलं आहे का ते चिमटीत धरून बघत. नवजात बाळाला घरी जाऊन असं सांभाळायची ही पद्धत आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायांना शिकवून उभी केली आणि मग ती देशभर गेली, हे मला नंतर समजलं. त्या सहाही वेळा आशाताईंनी कपडा नवा की जुना, सुंदर की साधा, हे विचारलं नाही. सुका आहे का, एवढंच बघितलं. त्याच्या अंगावर तेव्हा जावेच्या लेकरांची झबली होती, कारण आमच्याकडे पहिले कपडे नांदत्या घरून मागून आणायची पद्धत आहे, आणि लंगोट सासूबाईंच्या लुगड्याचे. दोन लुगड्यांत चोवीस लंगोट निघाले होते. त्या थंडीत आम्हाला एकदाही कपडा कमी पडला नव्हता.

लंगोटांचा तो आकडा आठवला आणि मला हिशेबाचं टोक सापडलं. लेकराला किती लागतात हे त्याच्या अंगावर ठरत नाही, वलणीवर ठरतं. दिवसाला किती बदलतात, किती दिवसांनी धुणं होतं, आणि धुतलेलं सुकायला किती वेळ लागतो, या तिन्हींची सांगड घातली की आकडा आपोआप येतो.

पावसाळ्यात धाकटा दिवसाला दोन शर्ट मळवतो. धुणं रोजचं, पण सुकायला दोन दिवस. म्हणजे दोन अंगावर, दोन काल धुतलेले, दोन परवाचे, आणि एक अडीअडचणीला. सात. चड्ड्या मात्र दिवसाला चार, म्हणून बारा. माझ्याकडे होत्या नऊ. चोपन्न कपडे असून मला तीन चड्ड्या कमी पडत होत्या!

उन्हाळ्यात उलट. वलणीवर टाकलेला कपडा पाऊण तासात कडकडीत होतो, पण आमच्या गावात नळ तिसऱ्या दिवशी येतो. मग धुणं तिसऱ्या दिवशी, आणि घामानं दिवसाला दोन जोड. सहा झाले, म्हणजे सातात भागलं. घरात तर लेकरं नुसत्या बनियानवर असतात आणि तेच बरं. पण उन्हात न्यायचं असेल तेव्हा उघडं अंग चालत नाही, पातळ सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला दुपट्टा लागतो.

हिवाळ्यात घाम नाही, दिवसाला एकच जोड पुरतो. तिथे प्रश्न वेगळा आहे. सकाळी कापूस वेचायला जाताना हुडहुडी भरते आणि दुपारी एकला ऊन चटकतं. जाड जॅकेट घातलं तर लेकरू सकाळभर हात वर करू शकत नाही आणि दुपारी घामेजून ओलं होतं. बनियान, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, त्यावर स्वेटर असे थर घातले की ऊन चढेल तसा एकेक काढता येतो. शेतात फुलपँट हवीच. वाळल्या बोंडांची टोकं बोचतात, आणि धुऱ्यावरची कुसळं मांडीत रुतली की रात्रभर खाज सुटते.

आणखी एक सांगायचं, धुण्याच्या हिशेबातलंच. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले. तेव्हापासून आमच्या घरी फवारणीचे कपडे कधीच लेकरांच्या कपड्यांसोबत भिजवत नाहीत. त्यांचं टोपलं वेगळं, बादली वेगळी, वलणी गोठ्याकडची. फवारणीच्या दिवसांत त्यामुळे लेकरांचं धुणं एखादा दिवस मागे पडतं.

गणवेशाचंही असंच झालं. शाळेतून दोन जोड मिळतात. कोरड्या दिवसांत दोन पुष्कळ झाले. पण सोमवारी धुतलेला बुधवारपर्यंत सुकतच नसेल तर बुधवारी पोरीनं काय घालायचं? ओलसर शर्ट घालून तिला पाठवणं मला पटत नव्हतं. म्हणून तसंच कापड आणून मी तिसरा शर्ट घरी शिवला. स्कर्ट दोनच, तो रोज धुवावा लागत नाही.

इथवर हिशेब जुळला तेव्हा मी यांना सांगितलं. हे गप्प बसले. मग म्हणाले, "पोराईचे कपडे कमी नको करू." मला वाटलं लोक काय म्हणतील याची काळजी. तसं नव्हतं. यांना पाचवीपर्यंत एकच शर्ट होता. आई रात्री धुवायची आणि सकाळी तो ओलाच अंगावर चढायचा. पावसाळ्यात वर्गात शेजारचा पोरगा वास येतो म्हणून सरकून बसायचा. "तवाच ठरवलं होतं," हे म्हणाले, "आपल्या लेकराची पेटी रिकामी ठेवायची नाई." इतक्या वर्षांत हे मला कधी बोलले नव्हते. प्रत्येक बाजाराहून यांच्या पिशवीत लेकरांसाठी काहीतरी का यायचं, ते मला त्या रात्री समजलं.

मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, त्यांच्या मनाला लागेल असं न करता. धाकट्याचे सात शर्ट, पाच हाफपँट, बारा चड्ड्या, दोन फुलपँट आणि सणाचा एक जोड. एकूण २८. मोठीचे गणवेशाचे चार कपडे, चार फ्रॉक, तीन लेगिन्स, आठ चड्ड्या, चार शमीज आणि सणाचा एक फ्रॉक. २४. तिचा तो तिसरा शर्ट यावर. दोघांना प्रत्येकी दोन स्वेटर आणि दोन कानटोप्या. यांच्यासाठी एक गोष्ट खास ठेवली. पेटीत तळाशी दोघांचा एकेक नवा कोरा जोड, एक नंबर मोठा, कायम असेल. अंगावरचा लहान झाला की तो वर येईल आणि दुसरा आणायचा. तो आणायचं काम यांचं.

उरलेले वाटतानाही विचार केला. जे आपण आपल्या लेकराला घालणार नाही ते दुसऱ्याच्या लेकराला द्यायचं नाही. चांगले लहान झालेले जावेकडे आणि माझ्या बहिणीकडे गेले. सात जोड मी अंगणवाडीत नेऊन दिले. अंगणवाडीच्या ताईंनी ते भिंतीतल्या कोनाड्यात ठेवले. आता एखादं लेकरू ओलं झालं तर घरी धाडावं लागत नाही, तिथेच बदलतात, आणि आई दुसऱ्या दिवशी धुऊन परत आणते. फाटके सुती सासूबाईंनी वाकळीत घातले. जरीचे आणि जाळीचे भांडेवालीनं नेले, एक स्टीलची गंजी देऊन. गुलाबी अंगडं-टोपडं मी ठेवलं आहे. ते कोणत्याच आकड्यात नाही.

नवीन घेताना दुकानात काही गोष्टी बघायची सवय लागली. आतली शिवण बोटानं चाचपायची. मानेजवळची टोचरी चिठ्ठी घरी आल्याबरोबर उसवायची. चेन आणि घट्ट बटण नको, लेकराला स्वतः काढता आलं पाहिजे, कारण अंगणवाडीत तीसेक लेकरांत ताई एकट्या असतात. फ्रॉक शिवायचा असेल तर खाली चार बोटं कापड आत दुमडून टीप मारायची. पुढच्या वर्षी टीप उसवली की तोच फ्रॉक पुन्हा गुडघ्यापर्यंत येतो.

आकडा एका ठिकाणी चुकला. हिवाळ्यात दोन स्वेटर पुरतील असं वाटलं होतं, पण एक धुतला आणि दुसऱ्यावर धाकट्यानं दूध सांडलं. लोकर सुकायला थंडीत दोन दिवस गेले. दोन दिवस त्याला बहिणीचा स्वेटर बाह्या दुमडून घातला. यंदा त्याला तिसरा विणायला घेतला आहे.

या श्रावणात पुन्हा झड लागली, यंदा पाच दिवस. पाचव्या दिवशी संध्याकाळी बाराही चड्ड्या वलणीवर होत्या, पेटीत हात घातला तर एक तेरावी निघाली, शिवणीत पांढऱ्या दोऱ्याची गाठ असलेली. मागच्या वर्षीच्या नऊमधली होती, इलॅस्टिक सैल झालेलं, पण सुकी. ती त्याला घातली. आता उद्या बाजार आहे, हे जाणार आहेत. यांना चिठ्ठी दिली आहे, चड्ड्या तीन, सुती, एक नंबर मोठ्या.